राखीव : संख्या एक

वस्तुसंग्रहालयातून निवृत्त झालेल्या माणसाने प्राणिसंग्रहालय काढावं, यात नवल काही नाही. संग्रहालय तेच; पुढची दोन अक्षरं तेवढी बदलायची.

भाऊंनी एकतीस वर्षं पेंढा भरलेल्या प्राण्यांखालच्या पाट्या लिहिल्या होत्या. नाव, आढळ, खाद्य, स्वभाव. अक्षर मोत्यासारखं, काना-मात्रा जागच्या जागी. एवढ्या वर्षांत एकाही प्राण्याने पाटीबद्दल तक्रार केली नाही, आणि माणसांनीही नाही. मुंगसाखाली पाणमांजराची पाटी चुकून लागली ती अकरा वर्षं तशीच राहिली. शाळांच्या सहली आल्या, मुंगसाला पाणमांजर म्हणून वहीत उतरवून गेल्या. एका बाईंना तर त्याच्या बोटांमधले पडदेही दिसले. भाऊंना चूक पहिल्याच महिन्यात कळली होती, पण दुरुस्तीला तीन सह्या लागत. ते गप्प बसले.

"लोक प्राणी बघत नाहीत," ते सांगायचे, "पाटी वाचतात. पाटी सांगेल ते त्यांना दिसतं."

घरात माणसं दोन: भाऊ आणि त्यांची थोरली बहीण. तिला सगळं जग अक्का म्हणे. आई गेली तेव्हा अक्का चौदाची होती आणि भाऊ चारचे. तेव्हापासून भाऊंच्या पोटात काय जाणार, किती आणि कधी, हे अक्काच ठरवत आली. तिने लग्न केलं नाही. का, हे कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर "वेळ कुठे होता?" म्हणाली असती. खाण्यापिण्यातला कुठलाही प्रश्न आला की भाऊंचं उत्तर ठरलेलं असे. डबा कुठाय? अक्का. पाहुण्यांना काय करायचं? अक्का. डॉक्टरांनी एकदा विचारलं, "जेवणात काय असतं तुमच्या?" तर भाऊ म्हणाले, "अक्का."

गावाबाहेर त्यांच्या मामांची रोपवाटिका बंद पडून होती. काचा गेल्या होत्या, लोखंडी सांगाडे उभे होते. भाऊंनी त्यांना जाळ्या मारल्या आणि बारा पिंजरे तयार केले. प्राणी आले तेही असेच, कुणाला तरी नको झालेले. तीन पायांचा कोल्हा, शेपटीची पिसं झडलेला मोर, एका डोळ्याचं घुबड, बुडालेल्या सर्कशीतलं म्हातारं शिंगरू. शिंगरू म्हातारं कसं असेल ते विचारू नये. सर्कशीच्या कागदावर तसं होतं. दातांच्या दवाखान्यात वाढलेला एक पोपट होता. तो दिसेल त्याला "आ करा" म्हणायचा. लोक करायचेही.

परवान्याचा नियम सोपा होता. किमान बारा जाती हव्यात. आधी चाळीस दिवसांचा तात्पुरता परवाना, मग तपासणी. यादीतलं एक जरी पिंजऱ्यात नसलं तर परवाना रद्द आणि प्राणी सरकारजमा. सरकारजमा झालेल्या तीन पायांच्या कोल्ह्याचं पुढे काय होतं, हे भाऊंना पक्कं ठाऊक होतं. पेंढा भरायला संग्रहालयात तेच यायचे.

"यातला एकही परत जाणार नाही," अक्काने पहिल्याच दिवशी कोल्ह्याच्या कानामागे खाजवत बजावलं. "माझ्या हातचं खाल्लंय त्यांनी."

जाती अकरा जमल्या. बारावं उदमांजर यायचं होतं, ते वाटेतच गेलं. दुसरं मिळेल तेव्हा मिळेल, म्हणून भाऊंनी यादीत बाराव्या ओळीला लिहिलं, 'राखीव'. पुढच्या रकान्यांत पेन्सिलीने 'मागाहून कळवू', 'नंतर पाहू' असं काहीबाही. उदमांजर एकच येणार होतं म्हणून संख्येपुढे 'एक'. कचेरीतल्या कारकुनाने प्राणी मोजले नाहीत, ओळी मोजल्या. बारा भरल्या. तात्पुरता परवाना मिळाला.

तीच यादी पाट्या रंगवायला पेंटरकडे गेली. पेंटर अबोल माणूस. तो अक्षरं रंगवी. अर्थाशी त्याचं कधी भांडण नव्हतं आणि ओळखही नव्हती. उद्घाटनाच्या आदल्या दुपारी तो पाट्या टांगून गेला. बाराव्या रिकाम्या पिंजऱ्यावर, बाकीच्यांसारखीच पिवळ्यावर काळी, झोकदार पाटी लटकत होती:

राखीव
आढळ : मागाहून कळवू
खाद्य : नंतर पाहू
स्वभाव :
संख्या : एक

भाऊंनी त्याला फाटकातून परत बोलावलं. "अरे बाबा, राखीव म्हणजे प्राणी नव्हे! राखून ठेवलेली जागा."

"मला काय माहीत? साळिंदर तरी मी कुठे पाहिलंय," पेंटर म्हणाला. "तुम्ही लिहिलंत, मी रंगवलं."

"आता पुसता येईल?"

"ऑइलपेंट आहे. खरवडायला अख्खा दिवस जाईल."

"राहू दे रे," अक्का म्हणाली. "बारा पाट्या दिसल्या म्हणजे झालं. कोण एवढं बघतंय!"

भाऊंनाही गंमत वाटली. राहिली पाटी.

उद्घाटनाला बरी गर्दी झाली. भाऊ फाटकाशी टेबल टाकून बसले होते, बारा नंबर तिथून समोर दिसे. मोरापुढे लोक थांबत, हळहळत, पुढे जात. पोपटापुढे आ करत. बाराव्या पिंजऱ्यापुढे मात्र सगळ्यांत जास्त वेळ घालवत.

"दिसत नाही हो कुठे," एक बाई नवऱ्याला म्हणाल्या.

नवऱ्याने पाटी वाचली, चष्मा सावरला, आत पाहिलं. "तो काय. मागच्या कोपऱ्यात. पाठ केलीय आपल्याकडे."

"अगंबाई, हो की!"

भाऊंना हसू आवरेना. संध्याकाळी त्यांनी अक्काला नकला करून दाखवल्या. "मुंगसाचं पाणमांजर होतं, इथे तर हवेचं जनावर झालं! उगाच आपण अकरा सांभाळतोय. बारा पाट्या लावायच्या आणि आरामात बसायचं!"

"गप बस," अक्का हसून म्हणाली. "जेव आधी."

आठवडाभराने भाऊंचं हसू जरा कमी झालं. कारण साधंच होतं. पाटीवर 'राखीव' एवढंच होतं. रंग, आकार, काही नव्हतं. मग ज्याला त्याला वेगवेगळं दिसायला हवं. भाऊ बाहेर पडणाऱ्या लोकांना सहज विचारू लागले, "बारा नंबर दिसला का?" दिसला म्हणणाऱ्यांपैकी प्रत्येक जण म्हणे, डाव्या अंगाला, मागच्या कोपऱ्यात. उजवीकडे एकानेही सांगितलं नाही. आणि प्रत्येक जण म्हणे, पाठ करून बसलाय, तोंड काही दाखवत नाही.

"मोठा आहे का?" भाऊंनी एका गृहस्थांना विचारलं.

"बसलाय म्हणून कळत नाही," ते म्हणाले. थोडं थांबून म्हणाले, "उभा राहिला तर कळेल."

ते गृहस्थ पुन्हा आले नाहीत.

अकराव्या पिंजऱ्यात कोल्हा होता. तो पहिल्यापासून बाराव्याच्या बाजूला झोपे, कारण तिथे ऊन यायचं. आता तो पलीकडच्या टोकाला सावलीत, जाळीला इतका चिकटून झोपू लागला की त्याच्या केसांवर जाळीचे चौकोन उमटले. पोपट बोलायचा बंद झाला. अक्काने त्याला पेरू दाखवला, मिरची दाखवली. तो चोच घट्ट मिटून बसला.

भाऊ शहाणा माणूस. भुताखेतांवर त्यांचा विश्वास नव्हता; पेंढा भरताना आतून काय काय निघतं ते पाहिलेल्या माणसाचा नसतोच. एका सकाळी त्यांनी फाटक उघडायच्या आधी बाराव्या पिंजऱ्यातल्या वाळूवर दाताळं फिरवलं. रेघा अशा सरळ आल्या, जणू शाळेची वही. कडी लावली. वर कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली.

दुपारी आभाळ भरून आलं होतं. लोक जेवायला पांगले तेव्हा भाऊंनी कुलूप काढलं आणि ते आत गेले. रेघा जशाच्या तशा होत्या. येणाऱ्याची पावलं नव्हती, जाणाऱ्याची नव्हती. फक्त डाव्या अंगाला, मागच्या कोपऱ्यात, सुपाएवढ्या जागेतल्या रेघा पुसून वाळू दबली होती. भाऊ वाकले आणि त्यांनी तिथे तळवा ठेवला.

वाळू कोमट होती. कुणी नुकतंच उठून गेल्यावर बैठक असते, तशी.

भाऊंनी हात झटकला, बाहेर आले, कडी लावली, कुलूप लावलं. उठून गेलं, तर मग ते आता उभं कुठे आहे, हा प्रश्न त्यांना कुलूप लावून झाल्यावर सुचला. बरंच झालं.

त्याच संध्याकाळी ते शिडी घेऊन पाटी उतरवायला निघाले. अक्काने शिडीच धरून ठेवली.

"वेडा झालास? एकोणीस दिवस राहिलेत तपासणीला. बारावा आणणारेस कुठून?"

"अगं, पण आत काहीतरी आहे."

"आहे ना? मग बारा भरले."

"अक्का, थट्टा नाही करत मी."

"मीसुद्धा नाही करत." ती पाटीकडे पाहत होती. "तुला काय वाटलं, मला माहीत नाही? दिवसाला चार वेळा जाते मी तिथून. पाणी कमी होतं कुंडीतलं. रोज." मग आवाज उतरवून म्हणाली, "भाऊ, आपण त्याला उपाशी ठेवलंय रे."

"कुणाला?"

"ते तू सांग, पाटी तुझी. काय लिहिलंस खाद्यापुढे? नंतर पाहू. नंतर म्हणजे कधी?"

दुसऱ्या दिवसापासून अक्का अकराच्या जागी बारा वाडगे भरू लागली. पहिल्या दिवशी मांस ठेवलं, ते तसंच परत आलं. मग पाला, धान्य, दूध, अंडी, गूळ, चाऱ्यातली जिवंत अळी. काहीच नाही. माशीसुद्धा बसायची नाही वाडग्यावर. अक्का चिडली नाही. माणसं, जनावरं, भाऊ, सगळ्यांनी तिच्यापुढे कधी ना कधी ताट सरकवलं होतं आणि शेवटी सगळे जेवले होते. ती बारा नंबरपाशी उकिडवी बसायची, वाडगा आत ढकलायची आणि जाळीला तोंड लावून म्हणायची, "काय हवंय रे तुला? बोल की."

भाऊंनी तिला तिथून दोनदा ओढून आणलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "चार वर्षांचा असताना तूपण असाच बसायचास. पाठ करून."

चाळिसाव्या दिवशी तपासनीस आले. उंच, सडपातळ माणूस. काखेत फाइल, गळ्यात पेन. पिंजरा, पाटी, प्राणी, खूण. पिंजरा, पाटी, प्राणी, खूण. अक्का पलीकडे साळिंदराच्या पिंजऱ्यात झाडू मारत होती.

बाराव्यापुढे तपासनीस थांबले. पाटी वाचली. आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"राखीव," ते म्हणाले. "आमच्या पुस्तकात नाही हा. नवीन दिसतोय."

"हो... म्हणजे, नवीनच," भाऊ म्हणाले.

"हजर." त्यांनी खूण केली. भाऊंनी श्वास सोडला. तेवढ्यात तपासनीस म्हणाले, "अहो, पण ही काय दशा! पाठीच्या फासळ्या मोजून घ्याव्यात. आणि पाटीवर काय, 'नंतर पाहू'? खाद्य लिहिल्याशिवाय मला परवाना देता येणार नाही. सांगा लवकर. काय खातो हा?"

एकसष्ट वर्षांची सवय. भाऊंच्या तोंडून आपसूक निघालं:

"अक्का."

ते हाक मारत होते. अक्काला विचारा, असं म्हणत होते. तपासनिसांनी मान डोलावली आणि लिहिलं. त्यांनाही मोती अक्षराची आवड असावी. खाद्याच्या रकान्यात, निळ्या शाईत, ठळक: अक्का.

भाऊंनी वाचलं. तोंड उघडलं.

कागदाच्या डोक्यावर छापलं होतं, 'खाडाखोड असलेला अर्ज रद्द समजण्यात येईल'. तपासनिसांनी शिक्का शाईला लावून वर धरला होता. शेजारी कोल्हा तीन पायांवर उभा राहून भाऊंकडेच पाहत होता.

भाऊंनी तोंड मिटलं.

शिक्का पडला.

चहाच्या वेळी त्यांनी अक्काला सांगितलं, हसत सांगायचा प्रयत्न केला. अक्का मात्र खरंच हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "चला! एवढ्या जन्मात माझं नाव सरकारी कागदावर आलं एकदाचं!" मग परवाना हातात घेऊन तिने तो सावकाश, बोट ठेवून वाचला. "यात म्हटलंय, पाट्या परवान्याबरहुकूम हव्यात. आठ दिवसांत."

"ते बघू नंतर," भाऊ म्हणाले.

"पुन्हा नंतर," अक्का म्हणाली.

चार दिवसांनी भाऊ कोंडा आणायला गेले. परतले तेव्हा दुपारचा दीड वाजला होता. फाटकापाशी पेंटर सायकलवर डबे बांधत होता.

"झालं काम," तो म्हणाला. "अक्कांनीच बोलावलं होतं. कागदावर होतं तसंच केलंय. या खेपेला बोलायला जागा नाही ठेवली."

भाऊंनी कोंड्याचं पोतं तिथेच टाकलं.

अकरा पिंजऱ्यांतले प्राणी जेवत होते. अकरा वाडगे. बारावा वाडगा नळापाशी धुऊन पालथा घातलेला.

पाटीवर ओला काळा रंग चकाकत होता. खाद्य : अक्का.

दुसऱ्या किल्लीने उघडलेलं कुलूप खाली ठेवलेलं होतं; कडी मात्र बाहेरून लावलेली होती. कडीवर चष्मा अडकवलेला. अक्का तो फक्त अंघोळीला जाताना काढायची.

आत वाळू होती. भाऊंच्या दाताळ्याच्या रेघांसारख्या सरळ, नव्या रेघा. पावलं आत गेली होती. अनवाणी, जपून टाकलेली, डाव्या अंगाला. बाहेर आली नव्हती.

"अक्का," भाऊंनी हाक मारली. या खेपेला ती खरोखरच हाक होती.

पोलीस आले. त्यांनी रोपवाटिकेची विहीर उपसली, झुडपं झोडपली, शेजारपाजारी विचारलं. या वयात होतं असं, म्हणाले, बायका घर विसरतात. बारा नंबरचं कुलूप उघडायला लावून एक हवालदार आत जाऊन आला. आत काही नाही, असं त्याने लिहिलं. पण तो जाळीला पाठ लावून, कडेकडेने चालत बाहेर आला होता.

भाऊंनी शिडी आणली आणि पाटीला हात घातला. मग हात मागे घेतला. पाटी उतरवली तर राखीव जाईल, एवढं त्यांना पाट्यांमधलं कळत होतं. पण आता राखीवबरोबर आणखी कोण जाईल, ते कळत नव्हतं. निदान आत आहे, असं म्हणता तरी येत होतं.

म्हणून त्यांनी फाटक पुन्हा उघडलं. अकरा जिवांना खायला घालायचं होतं. कुणाला किती, ते आता भाऊंना अंदाजाने ठरवावं लागे. आणि बारा नंबरात त्यांना स्वतःला तर काहीच दिसत नव्हतं. दिसायचं ते लोकांना. रोज ते बारा नंबरशेजारी खुर्ची टाकून बसू लागले, कान देऊन. कुणीतरी काहीतरी बोलेल. एक बाई दिसतेय म्हणेल. बसलीय म्हणेल, हसतेय म्हणेल.

लोक येत, पाटी वाचत, आत पाहत. एकही हसत नसे आणि एकही बोलत नसे. थोडा वेळ थांबून, काही तरी खासगी नजरेला पडावं तसे नजर वळवून, निघून जात.

तिसऱ्या आठवड्यात एक आई लहान मुलीला घेऊन आली. मुलीने जाळीला बोटं अडकवली आणि मोठ्याने काहीतरी विचारायला लागली.

"शू," आईने तिला मागे घेतलं. "हळू बोल. जेवतोय तो."

"पण आई, मागच्या वेळी आलो तेव्हापण जेवतच होता."

"असतं एकेकाचं," आई हलक्या आवाजात म्हणाली. "सावकाश खातो."